रेघेच्या कोणत्या बाजूला

प्लायवूडचा ८ बाय ४ फुटांचा अख्खा तक्ता बहुतेक सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये मावत नाही. १८ मिलिमीटर जाडीचा असला, तर त्याचं वजन ३५ किलोंच्या आसपास भरतं. जिन्यानं तो वर नेणारी दोन माणसं प्रत्येक वळणावर थांबतात, तक्ता उभा करतात, भिंतीचा रंग सांभाळत कोपरा काढतात आणि पुन्हा चढू लागतात. वर पोचल्यावर पुढचा प्रश्न उभा राहतो: आता हा कापायचा कुठे? गॅलरीत, गच्चीवर, नाहीतर परत खाली, पार्किंगमध्ये.

दुकानात हवे तसे तुकडे पाडून मिळतात, हे खरं. पण घर कागदावरच्या मापाइतकं सरळ नसतं. मोरीकडची भिंत वरच्या बाजूला अर्धा इंच पुढे आलेली असते, सिंकखालच्या कप्प्यातून पाइप आडवा गेलेला असतो, खिडकीची चौकट गुण्यात नसते. ही मापं घरात उभं राहूनच कळतात आणि त्यांच्याबरहुकूम लाकूडही तिथंच कापावं लागतं. विजेवर किंवा बॅटरीवर चालणारी, हातात धरून फिरवता येईल एवढी करवत घराघरांत शिरली ती अशा वाकड्या कोपऱ्यांतून.

साध्या करवतीनं ८ फुटांचा काप घ्यायचा तर सराईत सुतारालाही घाम फुटतो. तो तक्त्यावर गुडघा रोवतो, पहिले काही दात अंगठ्याच्या आधारानं हळूच चालवतो आणि मग खांद्यापासून करवत ओढू लागतो. त्या चालीला एक लय असते, आणि तिच्यात चूक सुधारायला भरपूर सवड असते. रेघ सुटतेय असं दिसलं की मनगट किंचित वळवलं, झालं. यंत्रानं ही सवडच काढून घेतली. तोच काप दोनेक मिनिटांत होतो आणि चूकही तेवढ्याच झपाट्यानं होते. त्यामुळे कापण्यातून वाचलेला वेळ आखण्यात घालावा लागतो. हाताचे श्रम कमी झाले, नजरेचे वाढले.

या यंत्रांपैकी एकाचं मूळ उसाशी जोडलेलं आहे, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला जवळचं वाटेल. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, न्यू ऑर्लीन्सच्या एडमंड मिशेलनं मजुरांना कोयत्यासारख्या मोठ्या सुऱ्यांनी ऊस तोडताना पाहिलं. हे कष्ट मोटरनं हलके करता येतील का, असा विचार त्याच्या डोक्यात घोळू लागला. दुधाचं पेय घुसळण्याच्या यंत्रातली छोटी मोटर काढून त्यानं तिला करवतीचं चक्र जोडलं, असं सांगतात. उसाच्या फडात ते यंत्र रुळलं नाही. लाकडावर मात्र चाललं. जोसेफ सलिव्हन या भागीदाराबरोबर १९२४ साली त्यानं कंपनी काढली आणि पुढे हीच करवत ‘स्किलसॉ’ या नावानं अमेरिकेतल्या घरबांधणीच्या कामांवर पसरली. गोल चक्राची ती सर्क्युलर सॉ.

इकडे कोल्हापूर जिल्ह्यात, उसानंच वेढलेल्या शिरोळ तालुक्यात, ‘कुलकर्णी पॉवर टूल्स’ ही हातयंत्रं बनवणारी कंपनी १९७६ साली स्थापन झाली. मिशेलशी तिचा काही संबंध नाही. तरीही उसाच्या मुलखात अशी यंत्रं बनतात याचं समाधान वाटतं, कारण कोयत्यानं ऊस तोडणाऱ्या माणसाचे कष्ट त्या परिसराला रोज दिसत आलेले आहेत.

दुसरी करवत शिवणयंत्रातून आली. स्वित्झर्लंडमध्ये सोलोथर्नजवळ सिंटिला नावाची कंपनी होती. तिथला अभियंता आल्बर्ट काउफमान यानं १९४६ साली बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढून तिच्या जागी करवतीचं बारीक पातं बसवलं. सुई जशी खालीवर होते तसं पातं खालीवर होऊ लागलं, आणि कापड जसं हवं तसं वळवता येतं तसा कापही वळू लागला. पुढच्याच वर्षी ‘लेस्टो’ या नावानं हे यंत्र बाजारात आलं. १९५४ साली बॉश कंपनीनं सिंटिला आपल्याकडे घेतली. आज दुकानात जिला जिगसॉ म्हणतात ती हीच. घरात पहिली करवत घ्यायची असेल, तर हीच घ्यावी. तिचं पातं बोटाएवढं अरुंद असतं, ती चक्राच्या करवतीसारखी अंगावर उसळत नाही, आणि घरातल्या अडल्या कामांतली बरीचशी कामं वाकड्या कापाचीच असतात: टेबलात वायर जायला भोक, बेसिनसाठी गोल खाच, पाइपाभोवतीचा अर्धचंद्र, मुलांच्या कपाटाचे गोलसर कोपरे.

मधलं भोक पाडायचं तर आधी ड्रिलनं एक छिद्र घ्यावं, त्यात पातं उतरवावं आणि मग यंत्र सुरू करावं. पात्याचे दात बहुधा वरच्या दिशेनं असतात, म्हणजे ते वर येताना कापतात. म्हणून लाकडाचे टवके उडतात ते वरच्या पृष्ठभागावर. सनमाइकाची चांगली बाजू म्हणूनच खाली ठेवायची आणि आखणी मागच्या बाजूला करायची. नवशिक्याला हे उलटं वाटतं. सुंदर बाजू डोळ्यांसमोर हवी असं मन सांगत असतं. चांगली बाजू वर ठेवण्यावाचून इलाज नसेल, तर रेघेवर मास्किंग टेप चिकटवून तिच्यावरून कापावं. टवके कमी उडतात. पात्यांतही फरक आहे. एका इंचात सहा-आठ दात असलेलं पातं भराभर कापतं आणि कड खरबरीत ठेवतं. दहा-बारा दातांचं पातं सावकाश चालतं, पण कड साफ सोडतं. जाड फळीत जिगसॉचं पातं खालच्या टोकाला वाकतं, वरून सरळ दिसणारा काप खाली तिरका जातो. दीड इंची सागवानाच्या फळीवर जिगसॉ दामटणारा माणूस पात्याशी भांडत असतो. हात सैल सोडून यंत्राला आपल्या गतीनं जाऊ द्यावं, तेव्हा ते रेघ धरतं.

आणि मग येतो भुसा. सागाच्या भुशाला चामड्यासारखा, किंचित तेलकट वास असतो. आंब्याच्या फळीचा भुसा त्या मानानं गरीब, जवळजवळ बिनवासाचा. प्लाय कापला की लाकडाआधी गोंदाचा उग्र दर्प नाकात जातो. हे वास ज्याला कळू लागले, त्याला लाकूड म्हणजे नुसती फळी वाटत नाही. पण या सुखाला दुसरी बाजूही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. नाकाच्या पोकळीतला कर्करोग वर्षानुवर्षं धुळीत काम करणाऱ्यांना होऊ शकतो. रविवारी दोन फळ्या कापणाऱ्यानं घाबरून जायचं कारण नाही. तरी मास्क लावावा, आणि त्याहून महत्त्वाचं, दिवसभर घरी काम करणाऱ्या सुतारालाही तो द्यावा. त्याच्या चहापाण्याची चौकशी सगळे करतात. मास्कची क्वचितच कोणी करतं.

सरळ, लांब कापाला मात्र सर्क्युलर सॉच हवी, आणि इथं आखणीचा खरा कस लागतो. करवतीचं पातं कापतं म्हणजे लाकडाचा तेवढा भाग खाऊन टाकतं. कार्बाइडच्या दातांचं चक्र साधारण अडीच मिलिमीटर रुंद चर पाडतं, सुतारांच्या भाषेत सूतभराला थोडा कमी. आठ सुतांचा एक इंच. ८ फुटांच्या तक्त्याचे चार समान तुकडे हवेत म्हणून दर दोन फुटांवर आधीच रेघा मारून ठेवल्या, तर तीन कापांत मिळून साडेसात मिलिमीटर भुशात जातात आणि शेवटचा कप्पा खोक्यात सैल बसतो. म्हणून एक रेघ मारायची, कापायचं, मग पुढचं माप घ्यायचं. पातं रेघेच्या कोणत्या बाजूला चालणार हेही आधी ठरवायचं. टाकाऊ तुकड्यावर पेन्सिलनं फुली मारून ठेवली की घाईत चक्र चुकीच्या बाजूला जात नाही. जुने सुतार ही फुली मारताना दिसतात. इतकी साधी आणि इतकी उपयोगी खूण दुसरी नसेल.

तक्ता दोन स्टुलांवर ठेवून मधोमध कापू नये. काप पुरा होत येतो तसे दोन्ही भाग आतल्या बाजूला झुकतात, पातं चिमटीत सापडतं आणि करवत झटक्यानं कापणाऱ्याच्या दिशेनं मागे उडते. घरातले पुष्कळ अपघात याच एका झटक्यानं होतात. त्यापेक्षा जमिनीवर थर्माकोलचा जाड तक्ता अंथरावा, त्यावर प्लाय सपाट ठेवावा आणि पातं प्लायच्या जाडीपेक्षा जेमतेम पाच मिलिमीटर जास्त बाहेर काढावं. थर्माकोलला थोडी चीर पडते, पण दोन्ही तुकडे जागच्या जागी राहतात. सरळ जाण्यासाठी खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियमची एखादी सरळ पट्टी क्लॅम्पनं बांधली की डोळे मिटूनही काप वाकडा जाणार नाही, असं म्हणावंसं वाटतं. डोळे अर्थातच उघडे हवेत, आणि त्यांवर चष्मा हवा. हातमोजे मात्र घालू नयेत. फिरत्या चक्रात मोज्याचा धागा अडकला, तर त्याच्यामागून बोटं ओढली जातात.

या सगळ्यात एक गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते. महाराष्ट्रात घरोघरी लाकूड कापलं जातं ते बहुतेक वेळा सर्क्युलर सॉनं नव्हे, मार्बल कटरनं. चार इंची चक्राचं, तीनेक किलोंचं, स्वस्त आणि दणकट यंत्र. ते दगड-फरशी कापण्यासाठी बनलेलं आहे. त्याचं हिऱ्याच्या कणांचं चक्र दातांशिवाय असतं. ते दगड घासत जातं, पकडत नाही. त्याच यंत्राला सुतार लाकडाचं दातेरी चक्र लावतात. ११० मिलिमीटर व्यासाचं ते चक्र मिनिटाला सुमारे १२,००० फेरे घेतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी जवळजवळ २५० किलोमीटर होतो. मोठ्या सर्क्युलर सॉचं चक्र याच्या निम्म्याहूनही कमी फेरे घेतं, शिवाय तिला खालून झाकणारं, आपोआप मिटणारं कवच असतं. मार्बल कटरला तसं कवच नाही. काप संपवून माणूस यंत्र बाजूला घेतो तेव्हा चक्र उघडं फिरत असतं, आणि तो ते कधी मांडीवर टेकवतो, कधी जमिनीवर ठेवायला जातो. बोटाचं पेर गमावलेले सुतार प्रत्येक शहरात भेटतात. ते त्याबद्दल फारसं बोलत नाहीत, उरलेल्या बोटांनी काम चालू ठेवतात. काम सांगणाऱ्यानं, मजुरी ठरवतानाच, कोणत्या यंत्रानं कापणार हे विचारलं तर त्यात काही गैर नाही.

दुर्दैवानं बोट तुटलंच, तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. तुटलेला भाग ओलसर, स्वच्छ कापडात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. थेट बर्फावर ठेवू नये. पेशी गोठून मरतात. सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयात तो भाग जितक्या लवकर पोचेल तितकी तो पुन्हा जोडता येण्याची आशा जास्त.

विजेबद्दल थोडंसं. यंत्राच्या पाटीवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल, तर ते दुहेरी आवरणाचं असतं आणि म्हणूनच त्याला दोनच पिनांचा प्लग असतो. अर्थिंगची पिन नाही म्हणून शंका घ्यायला नको. तरी घरातल्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावा. बॅटरीच्या यंत्रावरचे १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट हे आकडे बहुधा एकाच बॅटरीचे असतात: लिथियमचे पाच सेल ओळीनं, नेहमीचा दाब मोजला तर १८, पूर्ण चार्ज केल्यावरचा मोजला तर सुमारे २०.

आता दाराचं. जुलैमध्ये लाकडी दार चौकटीत अडकू लागलं की घरात नवी आलेली करवत बाहेर काढायचा मोह होतो. तो आवरावा. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीच्या दिशेनं जवळजवळ नाहीच. दाराच्या उभ्या पट्ट्या उंचीच्या दिशेनं धावतात, त्यामुळे पावसाळ्यात दार रुंद होतं, उंच होत नाही, आणि अडकतं ते कडीच्या बाजूला. तिथून आत्ता छिलून काढलं, तर दिवाळीनंतर हवा कोरडी झाल्यावर तीच बाजू फटीनं वारा आत घेईल. दार खालून फरशीला घासत असेल, तर बहुधा वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झालेले असतात. स्क्रू काढून भोकांत फेव्हिकॉल लावलेल्या काड्या ठोकाव्यात, वाळल्यावर स्क्रू पुन्हा आवळावेत. पुष्कळदा एवढ्यानंच दार जागेवर येतं.

नवी फरशी जुन्या फरशीवर बसवली म्हणून दार खरंच उंच ठरत असेल, तेव्हा मात्र करवत हवीच. दार बिजागरीवरून उतरवून आडवं ठेवावं. रेघेवर दोन्ही बाजूंनी धारदार कटर दोन-तीनदा ओढावा, म्हणजे विनियरचे पापुद्रे निघत नाहीत. पट्टी बांधावी, पातं रेघेच्या खालच्या अंगाला ठेवावं आणि एका दमात काप घ्यावा. कापल्यावर उघडी पडलेली कड कोरी असते, आणि रोजची फरशी पुसताना पाणी तिथूनच वर चढतं. रंगारी दाराच्या बाकी सगळ्या बाजू रंगवतात, तळाला हात पोचत नाही म्हणून तेवढा सोडतात. दार आडवं आहे तोवर त्या कडेला प्रायमरचे दोन हात द्यावेत, वाळू द्यावेत, आणि मगच ते चौकटीत चढवावं.