गाडी भरली की निघू!

कॅबवाल्याने राइड कॅन्सल केली की आपला मूड जाम ऑफ होतो. तीन मिनिटांवरची गाडी सात मिनिटांवर गेली, तर आपण मोबाइलकडे असं बघतो जणू कुणीतरी पगारच कापलाय! या शहरी घाईवर एक जालीम उपाय आहे. वाशिमला जा आणि काळी-पिवळीत बसा. तिथे ना मॅप, ना ओटीपी, ना रेटिंग. ‘कधी निघणार?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळतं, ‘शीट भरली की निघू!’

आता वाशिम नक्की कुठे, असं मनात आलं असेल तर लाजू नका. वीकेंड डेस्टिनेशनच्या कुठल्याच यादीत हे नाव सापडत नाही. पश्चिम विदर्भातला हा जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव (नाशिकचं नव्हे!), मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. केंद्र सरकारने 2018 साली देशातल्या मागे राहिलेल्या जिल्ह्यांची ‘आकांक्षित’ म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते त्यात वाशिमही होतं. गंमत म्हणजे हेच गाव दीड हजार वर्षांपूर्वी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी होतं. अजिंठ्याची कितीतरी लेणी ज्याच्या काळात घडली, तो हरिषेण राजा इथल्याच शाखेचा. एकेकाळची राजधानी आज जीपच्या मागच्या सीटवर गुडघ्याला गुडघा लावून बघायची, यात एक वेगळीच मजा आहे.

शेअर राइडचे आजोबा

शेअरिंगचा फंडा आपल्याला ॲपने शिकवला असं आपण समजतो. वाशिमच्या रस्त्यांवर तो कधीचाच चालू आहे. खाली काळी, वर पिवळी रंगवलेली जीप. कधी कमांडर असायची, मग ट्रॅक्स, सुमो वगैरे आल्या. पश्चिम महाराष्ट्रात जिला वडाप म्हणतात, तीच ही. कायद्याच्या भाषेत मॅक्सी कॅब. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानुसार ड्रायव्हर सोडून सहापेक्षा जास्त आणि बारापर्यंत प्रवासी घेणारी गाडी. पण बाजारच्या दिवशी हा आकडा ड्रायव्हरला विचारू नका. तो फक्त हसेल आणि म्हणेल, ‘थोडं सरका ना भाऊ, एक शीट बसते अजून!’

कायद्याची दुसरी अट जास्त जाचक. मॅक्सी कॅब ही कॉन्ट्रॅक्ट कॅरेज. म्हणजे ठरलेले प्रवासी घ्या आणि ठरलेल्या ठिकाणी सोडा. रस्त्यात हात दाखवेल त्याला घेणं, फाट्यावर उतरवणं हे काम एसटीचं. त्यात एसटी स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत उभं राहायला मनाई. पण खेड्यातला माणूस नेमका फाट्यावरच उभा असतो! म्हणजे ज्या कामासाठी गावाला ही गाडी हवी असते, तेच काम नियमात बसत नाही. ड्रायव्हरचा रोजचा दिवस या फटीत जातो. खाकी दिसली की पोटात गोळा, आणि दंड झाला की दिवस फुकट.

हिशेब मांडून बघू

काळी-पिवळीत नंबर असतो. आधी आला त्याची गाडी आधी भरते, बाकीच्यांनी रांगेत चहा प्यायचा. स्टँडवरच्या एका भाऊंनी मला सगळा धंदा एका वाक्यात सांगितला, ‘गाडी चालवाले अर्धा तास लागते, भराले दोन तास. आन् पैसे भेटतात फक्त चालवाचे!’

आता समजा, वीस किलोमीटरचं अंतर, दहा शिटा आणि सीटमागे चाळीस रुपये. जाताना गाडी भरली तर चारशे. डिझेल गेली काही वर्षं नव्वदीच्या आसपास आहे. भरलेली जुनी जीप लिटरला दहा किलोमीटर देते असं धरलं, तर जाण्याचे एकशेऐंशी आणि येण्याचे एकशेऐंशी. येताना गाडी भरली तर हातात चारशेचाळीस राहतात. अर्धी भरली तर दोनशेचाळीस. आणि रिकामी आली तर? चाळीस रुपये! अख्ख्या फेरीचे. यातूनच हप्ता, इन्शुरन्स, पासिंग, टायर. गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचा वाटा वेगळाच. म्हणून तो अकराव्या शिटेसाठी पंधरा मिनिटं थांबतो, आणि आपण आत बसून चडफडतो. त्याची कमाई त्या शेवटच्या दोन शिटांतच असते, हे एकदा कळलं की चडफडणं थोडं कमी होतं.

सुगीचे दिवस

सगळंच रडगाणं नाही हं! या धंद्याला सीझन आहे आणि सीझनमध्ये धमाल आहे. आठवडी बाजार, लग्नसराई, दिवाळीत माहेरी जाणाऱ्या लेकी. शिवाय मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी. बंजारा समाजाची काशी म्हणतात तिला. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबर तेलंगणा, कर्नाटकातूनही लोक येतात. 5 ऑक्टोबर 2024 रोजी इथल्या ‘बंजारा विरासत’ संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. नगाऱ्याच्या आकाराची ही इमारत बघायलाच हवी अशी.

आणि 2021 च्या अखेरीचा एसटीचा संप! ऑक्टोबरच्या शेवटी पेटलेला हा संप एप्रिल 2022 पर्यंत रेंगाळला. एरवी दोनशे मीटर लांब ठेवलेल्या खासगी गाड्यांना सरकारनेच त्या नोव्हेंबरमध्ये प्रवासी नेण्याची परवानगी दिली. कॉलेजची मुलं, दवाखान्याला निघालेले म्हातारे, सगळ्यांचा भार या जीपांनी उचलला. मात्र ‘जास्त भाडं घेतात’ ही ओरडही तेव्हाचीच. दोन्ही खरं होतं.

मग हाफ तिकीट आलं

17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना निम्मं भाडं झालं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर ऑगस्ट 2022 पासूनच फुकट प्रवास. योजना चांगली की वाईट? शेतमजूर बाईला विचारा, तिचे पैसे वाचले. हेच काळी-पिवळीवाल्याला विचारा. भाऊ म्हणाले, ‘बाया आता एस्टीचीच वाट पायतात. कोन सोडन अर्ध्या तिकिटाले? माह्या घरची बी एस्टीनंच जाते!’ बोलून स्वतःच हसले. 25 जानेवारी 2025 पासून एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, तरी अर्ध्याचं निम्मेपण काही गेलं नाही.

त्यात समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून पूर्ण 701 किलोमीटर रस्ता धावू लागला. तो याच जिल्ह्यातून जातो. कारंजा आणि शेलूबाजारजवळ चढा, की सुसाट! पण काळी-पिवळीला त्याचा उपयोग काय? तिथे ना फाटा, ना हात दाखवणारा माणूस, आणि थांबायलाही मनाई. थांबण्यावरच जिचं पोट, तिला न थांबणारा रस्ता काय कामाचा!

आणि या जिल्ह्यात सगळ्याच्या मुळाशी सोयाबीन. त्याचे भाव पडले की खरेदी थांबते, लग्न पुढे ढकललं जातं, आणि गाडीतल्या शिटा रिकाम्या राहतात. ड्रायव्हरला शेतमालाचा भाव तोंडपाठ असतो तो उगीच नाही.

मग तरुण पोरं काय करतात? रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणे गाठतात. त्यातलीच काही ॲपवर कॅब चालवतात. जुलै 2025 मध्ये ॲपवरच्या ड्रायव्हरांनी संप केला, तेव्हा मागणी होती सरकारने ठरवलेल्या दराने भाडं मिळण्याची. म्हणजे इथे गाडी भरेपर्यंत थांबायचं आणि तिथे राइड वाजेपर्यंत. वाट बघण्याचा पगार दोन्हीकडे शून्यच.

जायचंय?

मुंबई-पुण्याहून रेल्वेने अकोला गाठा. तिथून एसटी, किंवा पूर्णेकडे जाणारी गाडी वाशिमला सोडते. वाशिमचं बालाजी मंदिर, शिरपूरचा अंतरिक्ष पार्श्वनाथ, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेलं कारंजा आणि पोहरादेवी, एवढ्यात दोन दिवस मस्त जातात. उन्हाळा टाळा, पावसाळ्यानंतर जा. सुट्टे पैसे जवळ ठेवा. निदान एक प्रवास काळी-पिवळीने कराच, आणि ड्रायव्हर अजून एका शिटेसाठी थांबला तर घड्याळाकडे बघू नका. जमलंच तर थोडं सरका.