पिवळ्या दिव्याचं बिल

आंबिया बहाराची तोड सुरू झाली की माझ्या गॅरेजसमोर पिकअप आणि जुन्या डिझेल गाड्यांची रांग लागते. बागेतल्या कच्च्या रस्त्यांनी वर्षभर सोसलेलं सगळं याच दिवसांत बाहेर येतं. अशाच एका सकाळी सौंसरकडचे एक संत्रावाले काकाजी आले. गाडी नागपूरहून नीट होऊन आली होती, तक्रार बिलाची होती. त्यांनी ते माझ्या बाकावर पसरलं आणि खिशातून रुमालात बांधलेला जुना सेन्सर काढला.

"भाऊ, बोटाएवढा सेन्सर अन् एक बोल्ट. याचे साडेचार हजार होतेत का? लुटलं ना मले?"

मी आठ वर्षं नागपूरच्या एका अधिकृत सर्व्हिस सेंटरात काढली, नंतर पांढुर्ण्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. म्हणजे अशी बिलं मी फाडलीही आहेत आणि आता लोकांना वाचूनही देतो. त्यामुळे एका शब्दात हो किंवा नाही म्हणणं मला जमत नाही.

बिल असं होतं: क्रँक सेन्सर 1,300, स्कॅनिंग 800, मजुरी 1,200, थ्रॉटल बॉडी क्लिनिंग 600. वर 18 टक्के जीएसटी धरून 4,602 रुपये.

सेन्सरच्या किमतीवर भांडण्यात अर्थ नाही. कंपनीच्या डबीवर छापील किंमत असते. ती शोरूमला आणि काउंटरवर सारखीच. 22 सप्टेंबर 2025 पासून गाडीच्या सगळ्या सुट्या भागांवर कर 18 टक्के झाला, म्हणून पूर्वी 28 टक्क्यांत असलेले भाग थोडे उतरले. एवढंच.

लोकांना खुपतात ते स्कॅनिंगचे आठशे. "मशीन लावलं, दोन मिनिटांत नंबर आला, त्याचे आठशे?" मला विचाराल तर बिलातला हा सगळ्यात रास्त आकडा आहे, फक्त त्या पैशात खरोखर शोध घेतलेला असला पाहिजे. मशीन दोष सांगत नाही, पत्ता सांगतं. क्रँकच्या दातेरी चाकावर बऱ्याच गाड्यांत साठ दातांची जागा असते आणि त्यातले दोन मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर दात मोजतो, रिकामी जागा आली की कॉम्प्युटरला कळतं पिस्टन कुठे आहे. मोजणी चुकली की पी-0335 हा कोड येतो. त्याचा अर्थ 'सेन्सर गेला' असा नाही. 'या वाटेनं खबर नीट येत नाही' एवढाच आहे. वाट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर, वायर, आणि ते चाकसुद्धा.

हे मी फुकट शिकलो नाही. गॅरेज नवं असताना एका गाडीला हाच कोड आला, मी ताबडतोब सेन्सर बदलला. गाडी सावनेरपर्यंत गेली आणि बंद पडली. पांढुर्ण्याचा आणि सौंसरचा, दोन्ही रस्ते तिथे मिळतात, त्यामुळे भर चौकात आमच्या गावचे निम्मे लोक पाहून गेले. दोष वायरमध्ये होता, उंदरानं कुरतडलेली. पावसाळ्यात गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असे. मी मजुरी परत केली, नवा सेन्सर मात्र त्या माणसाच्या माथी बसला. तेव्हापासून मल्टिमीटर लावल्याशिवाय मी डबी फोडत नाही.

आता मजुरी. अधिकृत सेंटरात प्रत्येक कामाचा वेळ कंपनीनं ठरवलेला असतो. मिस्त्रीला दहा मिनिटं लागोत की दीड तास, पैसे त्या ठरलेल्या वेळेचे. काही गाड्यांत हा सेन्सर स्टार्टरच्या मागे दडलेला असतो, तिथे बाराशे मी देईन. काकाजींच्या गाडीत तो समोर दिसतो, दहाचा एक बोल्ट. तिथे बाराशे जास्तच आहेत.

पण त्या सेंटरात जावंच का लागतं, हा खरा प्रश्न. 2011 मध्ये शमशेर कटारिया यांनी भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली: कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगानं 14 कार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटींचा दंड ठोठावला. शिवाय सांगितलं की भाग आणि साधनं बाहेरच्यांनाही मिळाली पाहिजेत, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या कामानं जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. डिसेंबर 2022 मध्ये ग्राहक मंत्रालयानं 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. माझ्या बाकावर मात्र आजही सगळ्या कंपन्यांचा मिळून एक बाजारू स्कॅनर आहे. कोड वाचतो, पुसतो. नवा डिझेल इंजेक्टर बसवला की त्याच्या अंगावरचा कोड कॉम्प्युटरला शिकवायचा तर काही गाड्यांत हात टेकतो. काच बदलल्यावर पुढचा कॅमेरा जुळवणं तर दूरच. अशा कामाला मी स्वतःच गिऱ्हाईक नागपूरला पाठवतो, आणि तिथे लागतील ते पैसे रास्त म्हणतो.

पांढुर्ण्याहून नागपूर शंभरेक किलोमीटर. जाऊन-येऊन डिझेल, टोल आणि तोडीच्या हंगामातला एक दिवस. हा खर्च कुठल्याच बिलावर येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. कलेक्टर जवळ आले, सर्व्हिस सेंटरसाठी अजून सावनेर ओलांडावंच लागतं.

आमची बाजूही धुतल्या तांदळासारखी नाही. आमच्यातच चेक इंजिनच्या पिवळ्या दिव्याची वायर कापून 'झालं काम' म्हणणारे आहेत. ऑक्सिजन सेन्सर महाग म्हणून त्याच्या जागी फसवा तुकडा लावणारे आहेत. मग इंजिन जास्त डिझेल-पेट्रोल पितं, धुराचा कॅटॅलिस्ट जळतो, आणि त्याची किंमत ऐकून माणूस खाली बसतो. शोरूमच्या महागाईवर हा उतारा नव्हे.

काकाजींचा सेन्सर मी हातात घेतला. दोन पिनांचा होता. मल्टिमीटरनं थंड असताना रोध बरोबर दाखवला. "पाहा, चांगलाच आहे ना!" काकाजी उसळले. मी हॉट एअर गननं तो तापवला. दोनेक मिनिटांत आकडा नाहीसा झाला. आतली तार तुटली होती, गरम झाली की सुटत होती. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, थंड झाली की चालू होते, ही त्यांची मूळ तक्रार. शोध बरोबर होता. आठशे वसूल.

मग बोनेट उघडून एअर पाइप काढला. बिल चार दिवसांपूर्वीचं होतं. थ्रॉटल बॉडीवर बोट फिरवलं, तर बोट काळंभोर झालं. क्लिनिंगचे सहाशे आणि त्यावरचा कर, एकूण 708 रुपये. ते परत मागायला काकाजी तोड संपल्यावर नागपूरला जाणार आहेत. काळ्या बोटाचा फोटो त्यांनी मोबाइलमध्ये ठेवला आहे.