फोन कोणाच्या हातात?

महाराष्ट्र एक्सप्रेसने सकाळी भुसावळला उतरले आणि फैजपूरची एसटी धरली. तापीचा पूल ओलांडला की दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात, समोर सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. पुण्याच्या शिक्षण परिषदेत दोन दिवस काढून मी परतत होते. वहीत नव्या अॅपची नावं पानभर उतरवली होती. डोक्यात मात्र रात्रभर एकच प्रश्न घोळत होता.

‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द आमच्या खात्यात आता रुळला आहे. ज्याला संगणक-मोबाइल जमतो, त्यानं बाकीच्यांना शिकवायचं. मीही सुलभक म्हणून केंद्रातल्या शिक्षकांसमोर उभी राहते. दीक्षा अॅप कसं उघडायचं, बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड कसा स्कॅन करायचा, टीव्हीला पेनड्राइव्ह कुठे लावायचा. काही अडलं की सगळे माझ्याकडे येतात. माझं अडलं तर मी कोणाकडे जायचं? हे एकटेपण कुणाला सांगावं असंही कधी वाटलं नव्हतं. परिषदेत जेवणाच्या रांगेत पाच-सहा जण भेटले, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात माझीच शाळा निघाली. ऐन तासाला वीज जाणं, रिचार्ज संपणं, ‘मला नाही जमणार’ म्हणून मागच्या बाकावर बसणारे गुरुजी. मला फार हलकं वाटलं.

त्यात एक गुरुजी धडगावकडच्या पाड्यावरचे होते. पाड्यावर रेंज नाही. बाजाराच्या दिवशी गावात येऊन ते व्हिडिओ उतरवून घेतात आणि आठवडाभर पुरवतात. माझं सादरीकरण त्यांनी मन लावून पाहिलं होतं. चहा पिताना हळूच म्हणाले, “मॅडम, तुम्ही शिकवता तेव्हा फोन कोणाच्या हातात असतो?”

मला उत्तर देता येईना. फोन माझ्याच हातात असतो. समोरच्या बाई चाचपडल्या की मी “द्या इकडे” म्हणते, दोन बोटांत काम उरकते आणि फोन परत करते. बाई “थँक्यू मॅडम” म्हणतात. पुढच्या महिन्यात त्याच बाई, तोच फोन, तीच अडचण.

एवढा एक प्रश्न आणण्यासाठी गाडीची रात्र मी पुन्हा जागून काढीन.

एसटी फैजपुरात शिरली तेव्हा 1936 आठवलं. गावात वाढलेल्याला ते आठवतंच. 27 आणि 28 डिसेंबरला इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि यजमानपणासाठी झटणारे आमचे धनाजी नाना चौधरी. अधिवेशनासाठी वसवलेल्या टिळकनगराची सजावट शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांनी केली. गांधीजींचा आग्रह होता की जे उभं राहील ते गावातल्या साहित्यातून राहावं. एवढा मोठा चित्रकार, आणि त्यानं हाताशी घेतला तो बांबू! लहानपणी मला यात फक्त गावाचा मान दिसायचा. त्या सकाळी दिसलं ते वेगळंच. बाहेरून शिकून आलेल्या माणसानं आधी इथे काय आहे ते पाहायचं असतं. धडगावचे गुरुजी तेच करतात. त्यांच्याकडे बाजाराचा दिवस आहे, म्हणून त्यांनी बाजाराचा दिवस धरला.

सोमवारी शाळेत गेले. आमच्या थोरल्या बाई तिसरीचं पुस्तक घेऊन आल्या आणि सवयीनं फोन माझ्यापुढे धरला. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. “तुम्हीच करा, बाई. मी इथेच आहे.”

त्यांनी पदराला बोटं पुसली. फोन पुस्तकापासून इतका लांब धरला की चौकट धूसर झाली, मग इतका जवळ की पानावर सावली पडली. माझी बोटं पाठीमागे एकमेकांत रुतत होती. दारात उभा असलेला एक मुलगा म्हणाला, “बाई, थोडं वर.” बाईंनी फोन थोडा वर नेला. फोन थरथरला, आणि तासावरची कविता एकदम वर्गभर घुमू लागली. बाईंनी मान वर केली, माझ्याकडे नाही, त्या मुलाकडे पाहिलं.

“ये इकडे,” त्या म्हणाल्या, “पुढचं पान तू कर.”