सरडगुहिऱ्याची मादी आणि धुऱ्याची माती

यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव तालुक्यात पावसाळा ओसरून सोयाबीनची काढणी सुरू होते आणि कपाशीची पहिली बोंडे उकलू लागतात, त्याच सुमारास एरवी बाभळी-बोरींच्या फांद्यांत दडून राहणारा सरडगुहिरा, म्हणजे ज्याला शास्त्रीय लेखनात शॅमेलिऑन आणि बोलण्यात घोयरा सरडा असेही म्हणतात तो प्राणी, जमिनीवर दिसू लागतो. आणि रस्त्याच्या कडेला किंवा धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधील न नांगरलेल्या पट्ट्यावर, या दिवसांत सापडलेला सरडगुहिरा पुष्कळदा अंड्यावर आलेली मादी असते. झाडावर हे जनावर पानांत मिसळून जाते, पण जमिनीवर त्याची झुलत पडणारी संथ पावले कोणाच्याही नजरेत भरतात, आणि ते विषारी असते या निराधार समजुतीमुळे अनेकदा काठीखाली संपते. ज्या गावात सर्पमित्राची, म्हणजे साप व अन्य सरपटणारे प्राणी सुरक्षितपणे पकडून सोडणाऱ्या कार्यकर्त्याची ओळख असते, तेथे मात्र त्याला बोलावणे धाडले जाते, आणि मग अंडी घालण्यापूर्वीच्या काही तासांत या मादीचे काय करायचे, हा प्रश्न त्याच्या हाती येतो. विदर्भात त्याविषयी जेवढे बोलले जायला हवे तेवढे बोलले जात नाही, आणि त्या अज्ञानाची किंमत एकट्या मादीला नव्हे, तिच्या पोटातील वीस-तीस अंड्यांनाही मोजावी लागते.

हे जनावर पाळीव नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. भारतात आढळणारी शॅमेलिऑनची ही एकमेव जात, जिचे शास्त्रीय वर्णन लॉरेन्टी या ऑस्ट्रियन निसर्गशास्त्रज्ञाने १७६८ मध्ये केले, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. आणि त्या अधिनियमातील शिकार या संज्ञेच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे तर येतेच, शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस करणे किंवा त्यांची अंडी व घरटी विस्कटणे हेही येते. जगभरात हौसेने पाळली जाते ती येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियातील, डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असलेली व्हेल्ड शॅमेलिऑन ही वेगळी जात होय, आणि अशा परदेशी प्राण्यांच्या धारकांनाही १९७२ च्या अधिनियमातील २०२२ ची दुरुस्ती व तिच्याखाली २०२४ मध्ये आलेले नियम यांनुसार परिवेश या शासकीय संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. तथापि शॅमेलिऑनच्या मादीची अंडी घालण्यापूर्वीची देखभाल या विषयावरचे बहुतेक व्यवहारज्ञान त्या पाळीव जातीच्या संगोपनातूनच आलेले आहे, आणि मारेगावच्या सर्पमित्राने ते समजून घ्यावे ते मादीला घरी ठेवण्यासाठी नव्हे, तर तिला किती लवकर आणि नेमके कोठे परत सोडायचे हे त्यातून कळते म्हणून.

मादी खाली का उतरली आहे हे ओळखणे ही या कामातील पहिली आणि सर्वांत अवघड पायरी आहे. फुगलेल्या कुशी, कातडीखाली उमटणारे अंड्यांचे उंचवटे, अन्नाकडे फिरवलेली पाठ आणि एकाच दिशेने न जाता इकडेतिकडे थांबत, माती चाचपत केलेली भटकंती ही अंडी घालण्याची वेळ जवळ आल्याची लक्षणे आहेत. मात्र अननुभवी माणसाला त्यातील अन्नत्याग आणि अस्वस्थता आजारपणाची खूण वाटते, आणि तो मादीला बरे होईपर्यंत म्हणून खोक्यात ठेवून घेतो. वास्तविक पोटाची पोकळी अंड्यांनी व्यापल्यामुळे जठराला जागा उरत नाही आणि ती खाणे थांबवते. हा आजार नव्हे. खरा आजार वेगळा दिसतो: दिवसा मिटलेले डोळे, डोळ्यांचे खोल गेलेले गोल, फांदीवरची सुटलेली पकड आणि पुन्हा पुन्हा खणूनही अंडी न पडणे. पहिल्या प्रकारच्या मादीला शक्य तितक्या लवकर मोकळे करणे हाच उपचार असतो, तर दुसऱ्या प्रकारच्या मादीला पशुवैद्यकाची गरज असते आणि त्यासाठी वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवून तिला नागपूरच्या सेमिनरी हिल्स येथील ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरसारख्या वन्यप्राणी उपचार केंद्रापर्यंत पोहोचवणे योग्य ठरते. पोट दाबून अंडी मोजण्याचा मोह कोणत्याही परिस्थितीत टाळावा, कारण मऊ कवचाचे अंडे आतल्या आत फुटले तर ते मादीच्या जिवावर बेतते.

रंगावरून निदान करण्याची घाईही येथे धोक्याची असते. शॅमेलिऑन ज्या पृष्ठभागावर बसतो त्याचा रंग घेतो, ही समजूत इतकी पक्की आहे की सापडलेल्या मादीला लाल लुगड्यावर आणि निळ्या बादलीवर आळीपाळीने बसवून पाहिले जाते. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर शॅमेलिऑन या मादागास्करमधील जातीच्या अभ्यासातून दाखवून दिले की, कातडीतील विशिष्ट पेशींमध्ये अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते आणि त्या स्फटिकांमधील अंतर बदलले की परावर्तित होणारा रंग बदलतो. हा बदल घडतो तो मुख्यतः प्राण्याच्या उत्तेजनेनुसार, आणि ऊन, थंडी, भीती यांचाही रंगाशी संबंध असतो. अंड्यावर आलेली मादी गर्दीच्या मधोमध काळवंडत जाते तेव्हा ती घाबरलेली असते, आणि त्या वेळी खेळ थांबवून माणसे दूर करणे हे सर्पमित्राचे पहिले कर्तव्य होय, मग त्यासाठी जमलेल्या मंडळींचा रोष पत्करावा लागला तरी चालेल.

मादीला उचलताना तिच्या पायांची रचना ध्यानात घ्यावी लागते. शॅमेलिऑनच्या पायांची बोटे दोन गटांत जुळलेली असतात, पुढच्या पायात आतल्या बाजूला तीन व बाहेरच्या बाजूला दोन, आणि मागच्या पायात याच्या उलट. त्यामुळे पाऊल चिमट्यासारखे फांदी पकडते आणि शेपटी तिला पाचव्या पायासारखी साथ देते. ओढून काढल्यास बोटे व नखे दुखावतात, म्हणून समोर एक काडी धरून तिला स्वतःहून चढू द्यावे, आणि नेताना प्लास्टिकची बरणी किंवा सापांसाठीची पिशवी न वापरता हवेशीर खोक्यात आडवी फांदी बसवून, वरून सुती कापड टाकून न्यावे. एवढी जपणूक करण्याचे कारण असे की, फांदी धरण्यासाठी घडलेल्या याच पावलांनी तिला थोड्याच वेळात जमीन खणायची असते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जीवनात यापेक्षा अधिक कष्टाचे काम क्वचितच आढळेल. मादी पुढच्या पायांनी माती उकरते, मागच्या पायांनी ती बाहेर लोटते, शरीर आत मावेल असे तिरपे बीळ तयार करते, त्यात अंडी घालते आणि नंतर तीच माती परत लोटून, दाबून, जागा ओळखू येणार नाही अशी करून झाडाकडे निघून जाते. या कामात तिला कोणी पाहत आहे असे जाणवले तर ती अर्धवट बीळ टाकून देते. असे वारंवार घडले की अंडी पोटातच अडकण्याचा, ज्याला पशुवैद्यक अंडबंध म्हणतात तो धोका वाढतो.

खरा प्रश्न मातीचा आहे. पाळीव व्हेल्ड शॅमेलिऑनसाठी सुमारे ३० सेंटिमीटर खोल, ओलसर वाळूचे भांडे पिंजऱ्यात ठेवतात आणि पिंजऱ्याच्या चारी बाजूंना कापड लावून मादीला एकांत देतात. माती योग्य आहे की नाही याची कसोटी अशी की मुठीत दाबल्यावर तिचा गोळा टिकावा, पण त्यातून पाणी गळू नये, आणि बोटाने पाडलेले भोक ढासळू नये. या कसोटीवर मारेगावची जमीन पाहिली म्हणजे मादीची भटकंती उलगडते. येथील काळी कपाशीची जमीन, म्हणजेच भूशास्त्रातील रेगूर, ओली असताना फुगते आणि पायांना चिकटते, व सुकताना आकसून तिला भेगा पडतात. पावसाच्या अखेरीस ती एकतर चिखल असते किंवा ढेकूळ, आणि मादीला हव्या असलेल्या मधल्या अवस्थेत ती फार थोडे दिवस राहते. शिवाय सोयाबीन निघाल्याबरोबर त्याच वावरात हरभऱ्यासाठी मशागत सुरू होते आणि रोटाव्हेटरची पाती वीतभर खोलीपर्यंत पोहोचतात. धुऱ्याची माती मात्र वेगळी असते. वर्षानुवर्षे न नांगरल्यामुळे गवताच्या मुळांनी ती बांधलेली असते, वावरातून वेचून टाकलेल्या गोट्यांमुळे व मुरुमामुळे ती पाणी धरूनही निचरा करते, तिच्यावर सकाळचे ऊन पडते, आणि बोर, बाभूळ किंवा कडुनिंब शेजारीच असल्यामुळे मादीला झाडावरून उतरून परत झाडावर चढण्याचे अंतर कमी पडते. म्हणूनच मादी जेथे सापडली त्याच धुऱ्यावर, कुत्री आणि माणसे नसलेल्या वेळी, सावलीच्या बाजूला तिला सोडणे हे कोणत्याही कृत्रिम मातीच्या भांड्यापेक्षा श्रेष्ठ ठरते. पाच-दहा किलोमीटर दूर जंगलात नेऊन सोडण्याची प्रथा, ती कितीही सद्भावनेने पाळली जात असली तरी, या प्राण्याच्या बाबतीत घातक आहे, कारण शोधातून मादीने हेरलेली जागा तिच्यापासून हिरावली जाते आणि अनोळखी परिसरात ती नव्याने शोधण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नसते.

रात्र पडल्यामुळे किंवा वन विभागाचे कर्मचारी पोहोचेपर्यंत तिला ठेवून घ्यावेच लागले, तर सर्वांत आधी पाण्याची सोय पाहावी. शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखत नाही. तो पानावरचे दव किंवा थेंब चाटून पितो, म्हणून पाने असलेली फांदी खोक्यात ठेवून त्यावर स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा मारावा आणि तिचे तिला पिऊ द्यावे. तोंडात पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाते. शरीरात पाणी पुरेसे आहे की नाही हे तिच्या विष्ठेबरोबर पडणाऱ्या युरिक आम्लाच्या खड्यावरून कळते. तो पांढरा असावा, पिवळा-नारिंगी असल्यास तिला पाण्याची निकड आहे असे समजावे. अन्न देण्याची घाई नसावी, आणि द्यायचेच झाले तर कपाशीच्या वावरातून पकडलेले टोळ-नाकतोडे देऊ नयेत, कारण त्या पिकावर कीटकनाशकांची फवारणी होत असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात अशा फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे विष धडधाकट माणसाला झेपत नाही, ते किड्यांच्या वाटे काही तोळ्यांच्या मादीच्या पोटात जाऊ देणे अक्षम्य होय.

कॅल्शियमचा विषय त्यापुढचा, आणि तो पशुवैद्यकाच्या हाती असावा. पोटातील अंड्यांचा पिवळा बलक तयार करताना आणि नंतर कवच घडवताना मादी स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम खर्च करते. ते फार कमी झाले की अंडनलिकेच्या स्नायूंना आकुंचनाचे बळ राहत नाही, पाय थरथरतात, आणि शरीराच्या लांबीपेक्षा दूर झेपावणारी जीभ लुळी पडून जेमतेम तोंडाबाहेर येते. पिंजऱ्यातील मादीला हा त्रास अधिक होतो, कारण खिडकीच्या काचेतून उन्हातील अतिनील किरणांचा तो भाग आत येत नाही, ज्याच्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होऊन अन्नातील कॅल्शियम शरीरात मुरते. धुऱ्यावरच्या मादीला मारेगावचे ऑक्टोबरचे ऊन ते फुकट देते, आणि तिला एक दिवसही घरात अडकवून ठेवू नये याचे हेही एक कारण आहे. इंजेक्शनाची मात्रा वजनावर ठरते व चुकल्यास हृदयावर परिणाम होतो, त्यामुळे जनावरांसाठीचे कॅल्शियम अंदाजाने टोचणे हा उपचार नव्हे, अपघात आहे.

कधी कधी सारी काळजी घेऊनही मादी वाटेतच, खोक्याच्या तळाशी अंडी घालते. अशा वेळी अंडी विखुरलेली राहू न देता त्यांच्यावर ओलसर माती टाकावी, प्रत्येक अंड्याची वरची बाजू पेन्सिलीच्या हलक्या खुणेने दाखवून ठेवावी आणि नंतर ती बाजू वरच राहील अशी काळजी घ्यावी. शॅमेलिऑनच्या अंड्यातील गर्भ अंडे पडते त्या वेळी फार प्रारंभिक अवस्थेत असतो, तरी पुढे तो कवचाच्या आतल्या बाजूला चिकटून वाढत असल्याने हा नियम पाळणे हिताचे असते. उबवणीच्या पेटीचा आग्रह मात्र धरू नये. भूमध्य समुद्राकाठच्या सामान्य शॅमेलिऑनची अंडी शरद ऋतूत घातली जातात, हिवाळ्याच्या थंडीत त्यांच्यातील गर्भाची वाढ थांबून राहते आणि पिले पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस बाहेर येतात. सतत एकसारखी ऊब म्हणजे चांगली उबवण, हे कोंबडीच्या अंड्यावरून बांधलेले अनुमान या कुळाला सरसकट लागू पडत नाही. वन विभागाला कळवून, त्यांच्या उपस्थितीत, मादी सापडलेल्या धुऱ्यावरच वीतभर खोल व उन्हाच्या बाजूला अंडी पुरणे श्रेयस्कर, कारण तेवढ्या खोलीवर यवतमाळच्या मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या आसपास जाणारा उन्हाळा आणि पौषातील गारठा दोन्ही बरेच सौम्य होऊन पोहोचतात.

अंडी घालून झालेली मादी ओळखायला सोपी असते: कुशी आत ओढलेल्या, कातडी सुरकुतलेली, डोक्यावर आणि नखांत माती. तिला पुष्कळ पाणी हवे असते आणि त्यानंतर भूक लागते, पण झाडावर तिला दोन्ही मिळते. सर्पमित्राचे काम तेथून पुढे वावराच्या मालकाशी असते. धुऱ्यावरचा तो हात-दोन हात भाग यंदा तासू नये, तेथील गवत पेटवू नये आणि बांधबंदिस्तीसाठी तेथली माती उचलू नये, एवढेच त्याला सांगायचे असते, आणि झाडावरचा घोयरा कपाशीवरचे टोळ आणि माश्या खातो हे समजावून दिल्यावर बहुतेक शेतकरी ते ऐकतात. जागा दगड रचून दाखवू नये, कारण रचलेला दगड कुतूहल जागवतो. जवळच्या झाडापासूनचे अंतर पावलांनी मोजून ते वन विभागाच्या नोंदीत लिहून ठेवावे.