एकोणचाळीस फटके, पाच वेळा

पाच वेळा एकोणचाळीस-एकोणचाळीस फटके. तीन वेळा छड्यांचा मार. एकदा दगडमार. तीन वेळा गलबत फुटलं, त्यातली एक अख्खी रात्र आणि एक दिवस भर समुद्रात. नद्यांची भीती, वाटमाऱ्यांची भीती, उपासमार, थंडी, अंगावर पुरेसे कपडे नाहीत. हे एका माणसाने स्वतःबद्दल लिहिलंय, इसवी सन ५५-५६च्या सुमारास, एका पत्रात!

नगरला मैत्रिणीकडे गेले होते. तिच्या आजींचं जुनं मराठी बायबल सहज हातात घेतलं आणि जिथे उघडलं तिथे 'करिंथकरांस दुसरे पत्र', अध्याय अकरावा. आजींनी समासात पेन्सिलीची उभी रेघ ओढून ठेवली होती. हे पत्र येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाचं. तोवर पौल हे माझ्यासाठी चर्चच्या पाटीवरचं नाव होतं. ती रेघ संपेपर्यंत समोरचा चहा गार झाला होता. ते बायबल मी मागूनच घरी आणलं, आणि त्यानंतरच्या चार रात्री मी दुसरं काही वाचलेलं नाही.

आधी तो एकोणचाळीसचा आकडा. यहुदी नियमशास्त्रात चाळीसपेक्षा जास्त फटके मारायला मनाई आहे. मोजताना चूक होऊन नियम मोडू नये म्हणून एक कमी मारायचे. पाच वेळा म्हणजे १९५ फटके. आणि ही शिक्षा सभास्थानातली, त्याच्याच लोकांनी दिलेली. तो त्यांच्यापासून कायमचा दूर झाला असता तर हा मार चुकला असता. पण नव्या गावात पाऊल टाकलं की तो आधी सभास्थानातच जायचा. पाचव्यांदा मार खाणाऱ्याला पहिल्या चार वेळा काय झालं ते ठाऊक असतं!

मग मी बायबलातलंच 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक उघडलं. त्यात पौलाच्या प्रवासांची हकीकत आहे. म्हटलं, यादीतली एकेक गोष्ट तिथे शोधू. आणि मी थक्क झाले. ते पाच वेळांचे फटके? तिथे एकदाही नाहीत. छड्यांचे तीन प्रसंग? फिलिप्पैचा तेवढा एक सापडतो. गलबत फुटल्याची एक लांबलचक, श्वास रोखून वाचावी अशी हकीकत आहे: चौदा रात्री वादळात, जहाजावर २७६ माणसं, आणि सगळी मिलिता म्हणजे आजच्या माल्टा बेटावर जिवंत पोहोचतात. पण ती या पत्रानंतरची! म्हणजे यादीतल्या तीन वेळा निराळ्या आणि ही चौथी. जे त्याने सोसलं त्यातलं बहुतेक कुणी लिहूनच ठेवलं नाही. तोही बोलला नसता. करिंथच्या मंडळीत काही जण आपल्या थोरवीचे गोडवे गाऊ लागले आणि लोक त्यांच्यामागे निघाले, तेव्हा नाइलाजाने त्याने हे सांगितलं. आणि तेही, असं बोलणं म्हणजे वेडेपणा आहे असं स्वतःच म्हणत.

फिलिप्पैचा प्रसंग मी तीनदा वाचला. उत्तर ग्रीसमधली ही रोमन वसाहत. तिथे भविष्य सांगणारी एक दासी होती आणि तिच्या जिवावर तिचे मालक पैसा करत होते. पौलाने तिच्यातला आत्मा काढून टाकला आणि मालकांची कमाई बुडाली. लगेच पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकात ओढलं, कपडे फाडले, छड्यांनी झोडपलं, आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री हे दोघे काय करत होते? प्रार्थना करत गात होते, आणि बाकीचे कैदी ऐकत होते! भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं समजून तुरुंगाच्या अधिकाऱ्याने स्वतःवर तलवार उपसली, तर आतून पौल ओरडला की जिवाला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. त्याच रात्री त्या अधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातलं.

मला वाटतं, श्रद्धेचा खरा कस इथे दिसतो. उघड्या दारापेक्षा पौलाला समोरच्या माणसाचा जीव मोठा वाटला.

पण ज्या प्रसंगाने माझी झोप उडवली तो लुस्त्रचा. आजच्या तुर्कस्तानात, कोन्या शहराजवळ हे गाव होतं. पौलाने तिथे एका जन्मपांगळ्याला उभं केलं, तेव्हा गावाने पौलाला आणि त्याच्यासोबतच्या बर्णबाला देव ठरवलं. पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीशी आला. या दोघांनी कपडे फाडून विनवलं की आम्ही तुमच्यासारखीच माणसं आहोत. मग अंत्युखिया आणि इकुन्याहून विरोधक आले, त्यांनी लोकांची मनं फिरवली, आणि त्याच गावात पौलावर दगड बरसले. मेला समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकलं. दगडमार काय असतो हे पौल जाणून होता. त्याच्या तरुणपणी स्तेफन या येशूच्या अनुयायाला दगडांनी मारलं गेलं तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रं त्याच्याच पायाशी ठेवलेली होती आणि त्याची त्या वधाला संमती होती.

शिष्य भोवती जमले. तो उठला. आणि कुठे गेला? परत गावात!

दुसऱ्या दिवशी तो दर्बेला निघाला. मी नकाशा काढून बसले. दर्बेहून पूर्वेला डोंगर ओलांडले की तार्स, त्याचं जन्मगाव. ओळखीची माणसं, जखमा भरून यायला घर. तो त्या वाटेने गेला नाही. तो मागे वळला: लुस्त्र, इकुन्या, अंत्युखिया. ज्यांनी मारलं ते गाव, आणि मारणारे जिथून आले ती दोन्ही गावं. कारण तिथे नुकतेच विश्वास ठेवू लागलेले थोडेसे लोक होते आणि त्यांना धीर द्यायचा होता. कष्टांच्या त्या यादीत शेवटी तो सगळ्या मंडळ्यांची रोजची काळजी लिहितो. आधी मला ती ओळ यादीत चुकून आल्यासारखी वाटली होती. नकाशावर बोट ठेवलं तेव्हा कळलं की फटक्यांच्या, दगडांच्या गावाकडे त्याला पुन्हापुन्हा नेणारी गोष्ट हीच.

पुढच्या प्रवासात तो परत लुस्त्रला गेला. तिथे त्याला एक तरुण भेटला, आई यहुदी, बाप ग्रीक. पौलाने त्याला सोबत घेतलं. त्याचं नाव तीमथ्य.

ज्या पत्रात ती यादी आहे, त्याची सुरुवात मी काल रात्री पहिल्यांदा नीट वाचली. पाठवणाऱ्यांची तिथे दोन नावं आहेत: पौल आणि तीमथ्य.