ओट्यावरून दिसणारी पोरं

धुळ्याच्या जुन्या भागातल्या आमच्या गल्लीतले ओटे पाडले. गटार रुंद करायची होती, रस्ताही मोकळा करायचा होता. अतिक्रमणाची रेघ नेमकी ओट्यांवरून गेली. आता दारं अधांतरी आहेत. कुणी सिमेंटच्या विटा रचून पायरी केलीय, कुणी लोखंडी जिना ठोकलाय. गल्ली सोडून पुण्या-नाशकात, सुरतेत स्थिरावलेल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार दिवस सुतक होतं. ओट्यावरच्या गप्पा गेल्या, आपलेपणा गेला, पोरांना वडीलधाऱ्यांचा धाक होता तोही गेला. या शेवटच्या वाक्याला सगळ्यात जास्त अंगठे पडले. मी काही लिहिलं नाही. त्या धाकाचा माझ्याकडचा हिशेब वेगळा आहे.

1819 च्या सुमारास कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याची नवी पेठ आखली, ती सरळ रेघेत. इथल्या गल्ल्या आजही नंबरांनी ओळखल्या जातात. सरळ गल्लीचा गुण असा, की एका टोकाच्या ओट्यावर बसलं तरी दुसऱ्या टोकापर्यंतचं सगळं दिसतं. साडेदहाला हायस्कूलकडे निघालेली आणि पाचनंतर परतणारी पोरं त्या नजरेखालूनच जायची. ओट्यावर कोण, तर न्यू प्रताप मिलमधून निवृत्त झालेले दोघे, कचेरीतले पेन्शनर तात्या, शेत वाट्याने लावून शहरात राहायला आलेले आबा. अंगात बंडी, हातात अडकित्ता, आणि समोरून जाणाऱ्याला ठरलेला प्रश्न : "कोना पोऱ्या शे रे तू?" बापाचं नाव सांगितलं की पुढचा तपास सुरू. बाप काय करतो, मोठा भाऊ पास झाला का, केस एवढे कशाला वाढवलेस. तुझं नाव काय, हे त्या ओट्यावर मला कधी कुणी विचारलं नाही.

दहा वर्षांच्या पोराच्या हातावर तिथे शेंगदाणे पडायचे. नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्याला "या साहेब" म्हणून सरकून जागा मिळायची. ओठावर लव फुटलेला मधला पोरगा मात्र कायमचा संशयित. चौघं मिळून हसले, तर कुणाची तरी टिंगल चाललीय. एकटा गप्प चालला, तर नक्की काहीतरी करून आलाय. जूनमध्ये दहावीचा निकाल लागला की टक्क्यांवरून पोरांची वर्गवारी व्हायची आणि ती पुढच्या जूनपर्यंत टिकायची. नापास झालेल्याला तर वर्षभर त्या गल्लीतून जाणं नको व्हायचं. तो मागच्या बोळातून जायचा.

ओट्यांच्या रांगेच्या शेवटी सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. भाड्याच्या सात-आठ सायकली, त्यातल्या दोन अर्ध्या. तासाला 50 पैसे. मालकाला सगळे मामा म्हणायचे. मामा बोलायचे कमी. पंक्चर काढताना फुगवलेली ट्यूब पाण्याच्या घमेल्यात धरून बुडबुडा दिसेपर्यंत सावकाश फिरवत राहायचे. बुडबुडा आला की त्या जागी काडेपेटीतली काडी खोचायची, मग रबर खरवडायचं, सोल्युशन लावून फुंकर घालायची. हे चाललेलं असताना आपण शेजारी बसून जे बडबडतो ते मामा ऐकत असतात, हे दोन दिवसांनी कळायचं. कारण तेव्हा मान वर न करता ते विचारायचे, "मंग, बीजगणितना मास्तरनी परत मारं का?"

सायकल न्यायची तर लाल कापडी बांधणीच्या वहीत नाव लिहावं लागे. पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने वडिलांचं नाव सांगितलं. मामांची पेन्सिल थांबली. "बापनं नको सांगू, तुन्हं सांग. सायकल तू चालवशी." नाव, इयत्ता, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ. अनामत वगैरे काही नाही. कैची मारत शिकण्यापासून हात सोडून चालवण्यापर्यंत माझं सगळं शिक्षण त्या वहीत नोंदलेलं होतं.

एप्रिलमधली एक दुपार मला अजून तपशिलाने आठवते. परीक्षा संपलेली, ऊन असं की डांबर टायरला चिकटत होतं. टपरीच्या तोंडाला मामांनी ओलं गोणपाट लावलेलं. आम्ही तिघं आत, आणि मामांनी एका चाकाचा आस खोलून छर्रे आमच्यापुढे रॉकेलच्या वाटीत टाकले. धुवा आणि मोजा म्हणाले. धुता धुता एक छर्रा निसटला. घरी असतं तर पहिली थप्पड, मग चौकशी. मामांनी पाना खाली ठेवला, धोतराचा सोगा वर खोचला आणि तेही आमच्याबरोबर गुडघ्यांवर बसले. तासभर आम्ही चौघं त्या टपरीतली जमीन चाचपत होतो. मधेच मामा त्यांच्या लहानपणी पांझरेला आलेल्या पुराबद्दल सांगत होते, मधेच आमच्यातल्या एकाला विचारत होते, तुला पुढे काय करायचंय. तो म्हणाला, ड्रायव्हर. कुणी हसलं नाही. छर्रा पंपाच्या बुडाखाली सापडला. घरी बाप, शाळेत मास्तर, गल्लीत ओटा, हे सगळे वरून बोलणारे. आमच्या उंचीला उतरून बसलेला मोठा माणूस मी त्या वयात तो एकच पाहिला.

त्या वहीत आमच्या वर्गातल्या एका मुलीनेही नाव घातलं. तिला सायकल शिकायची होती. मामांनी अर्धी सायकल दिली आणि मला सांगितलं, मागून सीट धर. संध्याकाळी, उजेडात, सगळ्या गल्लीदेखत. तिसऱ्या दिवशी ओट्यावरून आवाज आला, "पोरले सायकल कसाले जोयजे?" बोलणाऱ्याने मान शेजाऱ्याकडे वळवली होती, पण ऐकवायचं सगळ्या गल्लीला होतं. रात्रीपर्यंत ते तिच्या घरी पोचलं, आमच्याही. मला वडिलांच्या दोन थपडा बसल्या आणि प्रकरण मिटलं. तिची शाळा सुटली. नववीचं वर्षही पुरं झालं नाही. दोन उन्हाळ्यांनी तिच्या लग्नात वरण-बट्टीच्या पंगती उठल्या आणि पहिल्या पंगतीला ओटा मांडी घालून बसला होता. ग्रुपवरच्यांना जो धाक आठवतो, तो हा. मी तो माफ केलेला नाही.

याच ओट्यावर दर 9 सप्टेंबरला नंदुरबारची गोष्ट निघायची. नंदुरबार तेव्हा आमच्याच जिल्ह्यात. वेगळा जिल्हा झाला तो 1 जुलै 1998 ला. 1942 साली त्या दिवशी तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्यामदास शहा गेले. शिरीषकुमारचं वय 15. सांगताना तात्यांचा गळा दाटून यायचा आणि तो खराच असायचा. मला मात्र तेव्हाही वाटायचं, शिरीषकुमार त्या दिवशी आमच्या ओट्यासमोरून गेला असता, तर तात्यांनी त्याला थांबवून बापाचं नाव विचारलं असतं आणि अभ्यासाला बस म्हणून घरी पिटाळलं असतं. पोराचं नाव पाठ व्हायला आपल्याकडे पोराला हुतात्मा व्हावं लागतं.

खानदेशाला दुसरी नजर ठाऊकच नव्हती, असंही नाही. 1907 मध्ये जळगावला डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांच्या अध्यक्षतेखाली कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे या 16-17 वर्षांच्या पोराने तिथे कविता म्हटली आणि पिकल्या केसांच्या माणसांनी त्याला 'बालकवी' म्हणून गौरवलं. त्या सभेत पोराला आधी पुरतं बोलू दिलं होतं. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 पासून 1930 पर्यंत साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृह त्यांच्याकडे आलं तेव्हा त्यांनी पोरांच्या खोल्या झाडल्या, आजाऱ्यांच्या उशाशी रात्री काढल्या, आणि त्यांना वाचायला स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहिलं. दिवसभर शिकवून आल्यावर पोरांसाठी रोजचं वर्तमानपत्र लिहून काढायचं, तर पोरांच्या मनात काय चाललंय हे आधी ठाऊक असावं लागतं. 1930 साली ते नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. त्यांचं नाव आम्ही शाळांना दिलं, वाचनालयांना दिलं, चौकांना दिलं. त्यांची ती सवय कुणी उचलली नाही.

आता ओटे नाहीत आणि पोरं कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. पहाटे क्लास, मग शाळा किंवा शाळेची नुसती हजेरी, संध्याकाळी पुन्हा क्लास. इथल्या देवपूर भागात क्लासच्या भिंतीभर गुणवंतांचे फोटो, खाली टक्के. खेड्यांतल्या मुली सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने शाळेत येतात. त्या बसच्या खिडक्यांतून मोठ्याने हसणाऱ्या मुली पाहिल्या की ओटे पडल्याचं उरलंसुरलं दुःखही जातं. मोठ्यांची तक्रार जुनीच आहे, कारणं तेवढी नवी : मोबाइल, रील, फटाके फोडणारी बुलेट. आणि हीच तक्रार करणारी माणसं मार्चमध्ये दहावीच्या केंद्राच्या भिंतीवर चढून आत कॉप्या टाकताना गावोगावी दिसतात. पोरं बिघडली म्हणणाऱ्यांनी आधी त्या भिंतीवरून खाली उतरावं.

सायकलची टपरी याच रुंदीकरणात गेली. मामा तिच्या बऱ्याच आधी गेले होते. ग्रुपवर टपरीबद्दल कुणी हळहळलं नाही. तिथे बसणारे आम्ही बहुतेक कमी टक्केवाले.

तुमच्याही दारावरून रोज सकाळी पाठीला दप्तर लावून एखादा पोरगा, एखादी पोरगी जात असेल. बाप कोण, टक्के किती, क्लास कुठला, हे विचारायला सगळं जग बसलेलं आहे. तुम्ही फक्त नाव विचारा, आणि दोन दिवसांनी ते पोर पुन्हा दिसलं की त्याच नावाने हाक मारा. त्यासाठी ओटे पुन्हा बांधावे लागत नाहीत.