कारण लिहून घ्या, बाई!

मैत्रिणींनो, कुणाचं काम सुटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो. "का हो, साहेबांशी काही बोलणं झालं का?" म्हणजे चूक काम गेलेल्याचीच, हे विचारणाऱ्यानं आधीच धरलेलं! घरातली माणसं तोंडानं बोलत नाहीत एवढंच. ताटात भाजी वाढताना डाव जरा आपटतो.

आपल्या सोलापुरात तरी हा प्रश्न कुणी विचारू नये. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी सुरू झाली. तीच आपली 'जुनी मिल'. ऑगस्ट १९४९ मध्ये मालकांनी ती बंद केली. हजारो घरांतली चूल त्या भोंग्यावर पेटत होती. जानेवारी १९५० मध्ये दिल्लीहून वटहुकूम निघाला आणि गिरणीचा कारभार सरकारनं हाती घेतला. त्या वटहुकमात कारण स्पष्ट नमूद होतं: गैरव्यवस्था आणि हेळसांड यांमुळे उत्पादनाला धोका पोहोचला आणि लोकांवर बेकारी आली. गैरव्यवस्था कुणाची? कारभार पाहणाऱ्यांची. मागावर उभ्या राहणाऱ्याची नव्हे. पुढे भागधारक थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि डिसेंबर १९५३ मध्ये निकाल भागधारकाच्या बाजूनं लागला. त्यांच्या हक्काचा कीस निघाला, तो निघायलाच हवा. पण ज्याचा पगार थांबला त्याच्या घरी, "तुमचंच काही चुकलं असेल" असं म्हणणाऱ्याला दाखवायला तो वटहुकमाचा कागद कुणाकडे होता?

नंतर शहरातल्या मोठ्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. कितीतरी घरं बायकांच्या सुपातल्या विड्यांवर तरली. पान, तंबाखू, दोरा कारखान्यातून आणायचा, पान भिजवायचं, कापायचं, हजाराचा हिशेब पुरा करून द्यायचा; त्यातल्या छाटात गेल्या त्या गेल्याच! १९६६ च्या कायद्यानं घरी विड्या वळणारीलाही कामगार मानलं, ही मोठीच गोष्ट. तरी मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, कारखान्यांना कुलपं लागली आणि पानच मिळेना. बोटं तीच, सफाई तीच. माझ्या वर्गातल्या मुलींच्या आया तेव्हा रिकाम्या सुपाकडे बघत बसल्या होत्या. त्यांनाही कुणीतरी विचारलंच असेल, "आता का गं वळत नाहीस?"

माझंही सांगते. मी बी. ए., एका शाळेत तासिकांवर मराठी शिकवत होते. तासाला पैसे, सुट्टीला काही नाही. पट घसरला, दोन तुकड्यांची एक झाली आणि माझे तास गेले. सासूबाई मायेनंच म्हणाल्या, "मुलं ऐकत नव्हती का गं तुझं?" रात्रभर तेच डोक्यात. सकाळी उठून शाळेत गेले आणि मुख्याध्यापकांना म्हटलं, "सर, तास का बंद झाले ते दोन ओळींत लिहून द्या."

"अहो बाई, असं कुणी मागत नाही."

"म्हणूनच मागते."

दिलं बिचाऱ्यांनी, शिक्क्यासह: 'पटसंख्या कमी झाल्यामुळे. कामाबद्दल तक्रार नाही.' घरी आल्यावर सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचलं नि देवघराच्या फडताळात ठेवायला निघाल्या. म्हटलं, "तिथं नको, माझ्या फाइलीत."

तेव्हा बायांनो, तुमचं असो की यजमानांचं, काम थांबलं तर त्याच आठवड्यात तीन गोष्टी करा. कारण लेखी मागा. किती दिवस काम केलं त्याचा दाखला घ्या. विडीचं कार्ड, फंडाचा नंबर, शेवटची पगारचिठ्ठी एका पिशवीत घाला. लेखी द्यायला नाही म्हणाले तर आपणच अर्ज लिहावा, त्यात कारण घालावं आणि एका प्रतीवर पोच घ्यावी. लाजू नका. उचल किंवा उसने मागायला जाताना जास्त लाज वाटते, नाही का?

जूनमध्ये दुसऱ्या एका शाळेत मुलाखत झाली. "आधीची शाळा का सोडली?" मी फाइल उघडून कागद पुढे सरकवला. त्यांनी वाचला, मान हलवली आणि विचारलं, "सातवीला व्याकरण घ्याल का?" आठवड्याला सहा तास मिळालेत. ते मार्चपर्यंतच आहेत, हेसुद्धा मी लिहून घेतलंय.